थेरडीचा डावा हात

१

सकाळी आठला पाच कमी असताना घरातून निघायचं, कोपऱ्यावरच्या बेकरीतून चार पाव घ्यायचे, दोन साधे, दोन खसखशीचे, आणि बाजारचौकाला वळसा घालून परत यायचं, हा डॉ. रायनोल्ड ओडेनटाल यांचा निवृत्तीनंतरचा शिरस्ता. बारा वर्षांत तो फारसा मोडला नव्हता. बेकरीवरून घरी यायला जवळचा रस्ता होता. पण चौकातून आलं की कारंजं लागायचं, आणि त्यावरून एक नजर फिरवल्याशिवाय दिवस सुरू झाला असं त्यांना वाटत नसे.

राइनकाठच्या वेसलराट गावानं ते कारंजं आपल्या कार्निवलच्या कौतुकापायी उभारलेलं. गोल दगडी हौद, आणि त्याच्या काठावर माणसाच्या उंचीचे पाच ब्राँझचे पुतळे: ढोलवाला, विदूषक, लाकडी बंदूकवाला शिपाई, उत्सवाचा राजपुत्र आणि थेरडी. त्यांच्या माना, खांदे आणि कोपरं हलत. येणाराजाणारा त्यांचे हात फिरवून जाई. कधी शिपाई नाक खाजवताना दिसे, कधी राजपुत्र विदूषकाच्या खिशात हात घालून उभा असे. हिवाळ्यात पाणी बंद, हौदावर फळ्या. कार्निवल ऐन थंडीत येतो, त्यामुळे ज्याच्यासाठी कारंजं बांधलं त्या दिवसांत ते कोरडंच असे. गावाला यात काही विचित्र वाटत नसे.

थेरडी मात्र कुणी वेडीवाकडी करत नसे. आकड्यासारखं नाक, हनुवटीवर चामखीळ, झालरीची टोपी, खांद्यावर शाल. असाच मुखवटा आणि असाच वेश गावातल्या थेरडी मंडळाच्या चाळीस बायका कार्निवलच्या गुरुवारी चढवत, नगरपालिकेवर चाल करून जात आणि महापौरांकडून गावाची किल्ली हिसकावून घेत. ब्राँझच्या थेरडीच्या उजव्या हातात छत्री होती, डावा हात रिकामा, आणि दोन्ही हात वर. उत्सवाच्या दिवसांत ते वरच हवेत असा गावाचा आग्रह. खाली दिसले तर कुणीही, अगदी पाद्रीसुद्धा, थांबून ते वर करून जाई.

जानेवारीच्या शेवटच्या सोमवारी तिचा डावा हात खाली होता.

ओडेनटालांनी पावाची पिशवी काखेत धरली आणि हात वर केला. सांधा कुरकुरला, एक बारीक, लांबट कुईऽ. हातमोज्यातूनही धातूचा गारवा बोटांत शिरला. मग ते एक पाऊल मागे सरले आणि थबकले. हात वर होता, पण त्याची बोटं अर्धवट मुडपलेली होती. बोटांना सांधे नव्हते, ती ओतीवच होती. म्हणजे ती नेहमीच तशी असणार. पण त्यांना आठवत होता तो उघडा पंजा, पाची बोटं पसरलेला.

‘आठवत होता,’ ते स्वतःशी म्हणाले, ‘हे काही प्रमाण नव्हे.’ आणि घरी गेले.

२

मंगळवारी हात खाली होता. बुधवारी, गुरुवारीही.

चौतीस वर्षं त्यांनी विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवलं होतं. पहिल्याच तासाला ते मुलांना सांगत की माणसाचं मन आकृती शोधणारं यंत्र आहे. जिथे काही नसतं तिथेही ते काहीतरी शोधून काढतं. तेव्हा घाबरण्याआधी मोजा. त्यांनी छोटी वही काढली आणि पाचही पुतळ्यांची रोजची स्थिती टिपायला सुरुवात केली. नऊ दिवसांत चार पुतळे रोज वेगवेगळे उभे होते. थेरडीचा उजवा हात नऊही दिवस वर होता. डावा नऊही दिवस खाली. आणि नुसता खाली नव्हे; तळवा मांडीकडे वळलेला, कोपर किंचित आत. टिंगल म्हणून कुणी हात खाली करतो तेव्हा तो असा करत नाही. हा हात कुणी खाली केल्यासारखा दिसत नव्हता. खाली राहिल्यासारखा दिसत होता.

बोटांसाठी त्यांनी मंडळाचं जुनं माहितीपत्रक शोधलं. फोटो उजव्या बाजूनं घेतलेला. डावा हात मनगटापाशी कागदाबाहेर गेला होता.

दहाव्या दिवशी पालिकेच्या पाणीखात्यातल्या क्युपर्सबाई हौदाच्या फळ्या तपासायला आलेल्या दिसल्या. ठेंगण्या, गालफुगऱ्या, कमरेला पान्यांचा पट्टा.

‘‘क्युपर्सबाई, या थेरडीचा डावा खांदा सैल झालाय का हो?’’

‘‘कोण म्हणतं?’’

‘‘रोज सकाळी हात खाली असतो.’’

‘‘पोरंटोरं असतील.’’ बाईंनी हात धरून वर रेटला. रेटताना त्यांचे गाल आणखी फुगले. ‘‘हा सैल? अहो प्रोफेसर, ऑक्टोबरात मीच आवळलाय. पोरांची बोटं अडकतात म्हणून. माझी सासू कुणाचं ऐकेल, पण हा खांदा ऐकणार नाही.’’

‘‘म्हणजे आपोआप खाली येणं...’’

‘‘शक्यच नाही. एकट्या पोराचंही काम नाही हे. दोन धट्टेकट्टे बाप्ये पाहिजेत.’’ त्यांनी ओडेनटालांकडे डोळे बारीक करून पाहिलं. ‘‘तुम्ही रोज एकट्यानं वर करता?’’

‘‘हो.’’

‘‘एका हातानं?’’

दुसऱ्या हातात पाव असतात, असं ते सांगणार होते. मग त्यांनी सांगितलं नाही.

‘‘तुमच्या बाईसाहेबांना विचारा,’’ क्युपर्सबाई हसत म्हणाल्या. ‘‘मंडळाच्या अध्यक्ष त्या. म्हणावं, तुमची एक सभासद कामचुकारपणा करतेय.’’

ओडेनटाल हसले. घरी जाताना मात्र त्यांना आपल्याच पावलांचा आवाज दगडी रस्त्यावर फार मोठा वाटू लागला.

३

टिल्ला शिवणखोलीत होती. गुरुवार दहा दिवसांवर आला होता आणि मंडळाच्या निम्म्या शाली तिच्या टेबलावर पडल्या होत्या. मशीनचा आवाज सगळ्या घरात भरून राही: धडधड, थांबणं, धडधड. त्या थांबण्याकडे पूर्वी त्यांचं कधी लक्ष गेलं नव्हतं.

‘‘आलास? खसखशीचे आणलेस ना? काल साधेच चार आणलेस.’’

‘‘आणलेत.’’

‘‘मग कॉफी ओत. आणि असा दारात उभा राहू नकोस, उजेड अडतो. प्रोफेसर पारदर्शक नसतात.’’

त्यांनी कॉफी ओतली. टिल्लानं मशीनवरून नजर न काढता डावा हात पुढे केला आणि कप घेतला. आणि कप तिच्या हातातून सरळ खाली गेला. निसटला नाही, धक्का लागला नाही. बोटं त्याच्याभोवती आली होती, ती फक्त मिटली नाहीत.

‘‘गेला!’’ टिल्ला म्हणाली. ‘‘जाऊ दे, तुझ्या मावशीचा होता.’’

‘‘हात दुखतोय का?’’

‘‘दिवसाला चार शाली शिवून बघ. मान, खांदा, हात, सगळं एकच झालंय.’’

‘‘डावाच?’’

‘‘उजवा कापायला लागतो, म्हणून तो दुखायची हिंमत करत नाही.’’

ते फरशी पुसायला वाकले. तेवढ्यात टिल्ला उठली, दुसरा कप घ्यायला तिनं डावा हात वरच्या फळीकडे नेला, आणि ओडेनटालांना तो आवाज ऐकू आला. बारीक, लांबट. कुईऽ.

ते वाकलेलेच राहिले. कपाटाच्या दाराची बिजागरी. अर्थात. त्यांनी दुपारी तिला तेल घातलं, दार दहादा उघडलं, मिटलं; अवाक्षर नाही. संध्याकाळी टिल्लानं पुन्हा फळीकडे हात नेला. दार आधीपासूनच उघडं होतं, तरी कुईऽ झालीच.

आपलं वय अठ्ठ्याहत्तर आहे, त्यांनी स्वतःला बजावलं. या वयात कान नाही नाही ते आवाज काढतात.

डॉक्टरांकडे चल म्हणणं सोपं नव्हतं. सहा वर्षांपूर्वी तिच्या पाठीवरचा तीळ मोठा झाला असं ठरवून त्यांनी तिला तालुक्याच्या इस्पितळात ओढत नेलं होतं. तो तीळ नव्हता. वाळलेल्या जॅमचा ठिपका होता. पुढच्या कार्निवलला टिल्लानं सभागृहात पिंपात उभं राहून, इथल्या रिवाजाप्रमाणे, त्या ठिपक्यावर यमकातलं भाषण ठोकलं. चारशे माणसं रडेपर्यंत हसली. ओडेनटालही हसले होते. पण अजून बेकरीत जॅम मागताना त्यांची जीभ अडे.

४

तरी बुधवारी जेवताना त्यांनी विषय काढला. मसुराचं सूप होतं, टिल्ला उजव्या हातानं जेवत होती, डावा मांडीवर.

‘‘उद्या सकाळी डॉक्टरांकडे जाऊन येऊ.’’

‘‘उद्या? उद्या थेरड्यांचा गुरुवार! उद्या मी डॉक्टरकडे गेले तर त्याला लुटायलाच जाईन.’’

‘‘टिल्ला, तुझा हात...’’

‘‘हाताचं कार्निवल संपल्यावर, राखेच्या बुधवारी बघू. उपासही तेव्हा, आजारपणही तेव्हा. आधी नाही.’’

‘‘तोपर्यंत उशीर झाला तर?’’

तिनं चमचा खाली ठेवला. ‘‘रायनोल्ड, काय झालंय? आठवडाभर तू मला चोरून बघतोयस. लग्नाआधीसुद्धा इतकं पाहिलं नव्हतंस.’’

आणि मग, जे सांगायचं नाही असं पक्कं ठरवलं होतं, तेच त्यांनी सांगितलं. कारंजं, डावा हात, वही, क्युपर्सबाईंचा पाना. बोलताना त्यांना आपला आवाज परक्याचा वाटत होता. वीस वर्षांपूर्वी एखादा विद्यार्थी असं काही घेऊन आला असता तर त्याला त्यांनी खुर्ची दिली असती, पाणी दिलं असतं आणि हळूच त्याच्या घरी फोन केला असता.

टिल्ला हसली नाही. ती हसली असती तर बरं झालं असतं. ती उठून त्यांच्याजवळ आली, त्यांच्या कपाळाला हात लावला.

‘‘तुला बरं वाटतंय ना रे?’’ ती अगदी हळू म्हणाली. ‘‘येत्या बुधवारी दोघंही जाऊ. आधी तुला दाखवू.’’

तिनं लावलेला हात डावा होता. तो कपाळावर टेकला, क्षणभर थांबला, आणि गालावरून घसरत खाली गेला. तिला ते कळलंही नाही. ती त्यांच्याकडे काळजीनं पाहत होती.

५

गुरुवारी त्यांना जाग आली तेव्हा टिल्ला निघून गेली होती. सोंग चढवायला मंडळाच्या बायका पहाटेच आपल्यातल्या वाल्ट्राउडच्या घरी जमत. तिचा फोन दालनात, रोजच्या कोटाच्या खिशात होता. त्यांनी लावला तेव्हा तो तिथेच वाजला.

आठ वाजता ते चौकात पोहोचले. थेरडीचा हात खाली होता, आणि आज मानही. हनुवटी छातीला टेकलेली. त्यांनी पिशवी हौदावर ठेवली आणि दोन्ही हातांनी तिचा दंड धरून वर ओढला. हलला नाही. खांदा लावून पाहिला. दगडाला रेटावं तसं. एका हातानं रोज वर होणारा तो हात आज जागचा हलायला तयार नव्हता.

पाव तिथेच राहिले. वाल्ट्राउडच्या घराला कुलूप होतं. थेरड्या बालवाडीत गेल्या होत्या; बालवाडीत ते पोहोचले तर त्या वृद्धाश्रमात गेल्या होत्या; वृद्धाश्रमात टाळ्या अजून वाजत होत्या, पण थेरड्या मागच्या दारानं बाहेर पडल्या होत्या. प्रत्येक ठिकाणी लोक त्यांना म्हणत, ‘‘आत्ता होत्या! टिल्लाताईंनी काय हसवलं!’’ आत्ता होत्या. म्हणजे आत्तापर्यंत ठीक होती.

अकराला चौक फुलून गेला. ढोल, तुताऱ्या, भाजल्या सॉसेजचा धूर. अकरा वाजून अकरा मिनिटांनी, कारण अकरा हा कार्निवलात विदूषकांचा आकडा, चाळीस थेरड्या किंकाळ्या फोडत चौकात घुसल्या. चाळीस आकडेदार नाकं, चाळीस चामखिळी, चाळीस शाली, सगळ्या टिल्लानं एकाच कापडातून बेतलेल्या. त्यांतली एक कोसळणार आहे, आणि ती कोणती हे ओळखायचं कसं?

‘‘टिल्ला!’’ ते ओरडले.

सगळ्या वळल्या.

‘‘मी टिल्ला!’’ एक किरटं ओरडली. गुरुवारी आवाज बदलायचा असतो.

‘‘खोटं! मी टिल्ला, प्रोफेसर!’’

‘‘मला घरी ने रे राजा, मीच तुझी टिल्ला!’’

‘‘जॅम लागलाय बघ पाठीला!’’

दहाबारा जणींनी त्यांच्याभोवती फेर धरला. ते विनवू लागले, गंभीर आहे, खरंच गंभीर आहे. आणि ते जितकं विनवत तितका फेर खुलत गेला, कारण गुरुवारी पुरुषानं थेरड्यांपुढे हात जोडणं हीच तर गंमत. बघे टाळ्या पिटत होते. लाकडी नाकांमागे डोळे चमकत होते. यांतला एखादा डोळा निस्तेज होतोय का, हे पाहायचा ते प्रयत्न करत राहिले, पण भोकं बारीक होती.

मग त्यांनी चेहरे सोडून दिले. हात पाहू लागले. सगळे हात वर होते, नाचत होते, छत्र्या फिरवत होते.

एक नव्हता.

सॉसेजच्या टपरीमागे, धुरात, एक थेरडी पाठमोरी उभी होती. स्तब्ध. डावा हात बाजूला लोंबत होता, तळवा मांडीकडे, कोपर किंचित आत.

फेर तोडून ते धावले. ‘‘टिल्ला,’’ म्हणाले, आणि त्यांनी तो हात हातात घेतला.

त्यांच्या हातात मोजा होता. तरी गारवा बोटांतून कोपरापर्यंत चढला. हात जड होता, शेकडो तळव्यांनी चोळून गुळगुळीत झालेला. बोटं अर्धवट मुडपलेली.

ती वळली नाही. धुरामुळे त्यांना शालीच्या कडेपलीकडे काही दिसत नव्हतं. फक्त तिचा उजवा हात हळूहळू खाली आला, ढोलांच्या गलक्यातही त्यांना ऐकू येईल अशा बारीक, लांबट कुरकुरीनं, आणि छत्रीचं टोक औषधाच्या दुकानाच्या पायऱ्यांकडे वळून थांबलं.

त्यांनी तिकडे पाहिलं. पायरीवर एक थेरडी भिंतीला टेकून बसली होती. समोर पाचसहा माणसं पोट धरून हसत होती. मुखवट्याच्या आतून ती काहीतरी बोलत होती, लाळेत भिजलेलं, शब्द नसलेलं.

‘‘काय वठवलंय!’’ एक जण म्हणत होता. ‘‘एक घोट न घेता! असं दारुडं बोलणं फक्त टिल्लाच करू शकते!’’

ओडेनटाल धावले. मागे वळून पाहिलं नाही. नंतर पुष्कळदा त्यांनी स्वतःला विचारलं की त्या क्षणी कारंज्यावर पुतळे किती होते. ज्यानं जन्मभर मोजण्याखेरीज काही केलं नाही, त्यानं तेवढं एकदा मोजलं नाही.

ते गुडघ्यांवर बसले आणि दोन्ही हातांनी मुखवटा ओढला. भोवती ‘‘हूऽऽ’’ उठलं. गुरुवारी थेरडीचा मुखवटा काढणं म्हणजे हद्द. कुणीतरी त्यांच्या कोटाला धरून मागे खेचलंही.

मुखवटा निघाला. टिल्लाचा अर्धा चेहरा ओळखीचा होता.

हसणं थांबलं. ते असं थांबलं की शेजारच्या ढोलवाल्यालाही कळलं, आणि त्यानं टिपऱ्या खाली केल्या.

६

रुग्णवाहिका चौकाच्या तोंडाशीच उभी होती. गर्दीच्या दिवशी असतेच. अकरा छत्तीसला त्यांनी टिल्लाला आत घेतलं. ओडेनटालांनी घड्याळात पाहिलं होतं, म्हणून हा आकडा पक्का.

इस्पितळाच्या दालनात एक बाक होता, एक पाण्याचं यंत्र होतं आणि एक दार होतं. यंत्र दर काही मिनिटांनी गुरगुरे आणि गप्प होई. दार उघडलं की ते उठून उभे राहत, आणि दुसऱ्याच कुणाचं नाव पुकारलं जाई. पलीकडे एक विदूषक पाय मुरगळून बसला होता.  त्यानं आपल्या थर्मासमधला चहा झाकणात ओतून त्यांच्यापुढे धरला.

त्यांना सारखं वाटत होतं, तीन आठवडे. तीन आठवडे मला सांगितलं जात होतं आणि मी वही लिहीत होतो.

तीनच्या सुमारास डॉक्टरीण आली. तरुण, उत्तरेकडची, तुटक बोलणारी. ‘‘ओडेनटाल? तुम्ही यजमान? बसा. नाही, बसा तुम्ही. मेंदूत रक्ताची गाठ अडकली होती. विरघळली. चांगली विरघळली.’’

‘‘म्हणजे?’’

‘‘म्हणजे वेळेत आणलंत. सुरुवात झाल्यापासून पंधरावीस मिनिटांत इतक्या लवकर क्वचित कुणी येतं. तुम्हाला कसं कळलं?’’

ओडेनटालांनी कोटाच्या खिशातली वही चाचपली.

‘‘बाकीच्या बायका सांगत होत्या,’’ ती पुढे म्हणाली, ‘‘की सगळ्यांना ते नाटक वाटलं. मला कळेना, हे कसलं नाटक. हे असलं तुमच्याकडे करतात?’’

‘‘करतात,’’ ते म्हणाले. ‘‘ती फार छान करते.’’

आणि मग ते रडायला लागले, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, विदूषकादेखत. विदूषकानं नजर दुसरीकडे वळवली आणि थर्मासचं झाकण पुन्हा भरलं.

७

ती रात्र त्यांनी खुर्चीत काढली. शुक्रवारी सकाळी जाग आली तेव्हा टिल्ला त्यांच्याकडेच पाहत होती. चेहरा जवळजवळ जागेवर आला होता. तोंडाचा डावा कोपरा थोडा मागे राहिला होता, वर्गात उशिरा येणाऱ्या मुलासारखा.

‘‘घोरत होतास,’’ ती म्हणाली. शब्द जड होते, पण शब्द होते.

 त्यांनी तिची उशी नीट केली, मग पुन्हा नीट केली.

‘‘रायनोल्ड, ती कोण होती रे?’’

‘‘कोण?’’

‘‘पायरीवर. माझ्या शेजारी बसली होती. आपल्यातलीच, शाल होती. तू येईपर्यंत माझा डावा हात धरून.’’ ती थांबली, शब्द गोळा करत. ‘‘त्या हाताला काही कळत नव्हतं. लाकूड झालं होतं. पण तिचा हात कळत होता. इतका गार. गार होता म्हणूनच कळला. मी म्हटलं, तो कळतोय तोवर मी आहे.’’

ओडेनटालांना आठवत होतं: पायरीवर तिच्या शेजारी कुणी नव्हतं.

दहा वाजता वाल्ट्राउड आली. डोळे सुजलेले, गालावर कालच्या रंगाचे ओघळ. टिल्लानं तिलाही विचारलं.

‘‘आमच्यातली? नाही गं बाई. आम्ही निम्म्या पालिकेच्या दारात होतो, निम्म्या या तुझ्या नवऱ्याला छळत होतो.’’ तिचा स्वर फुटला. ‘‘प्रोफेसर, मला माफ करा. ‘मीच टिल्ला’ म्हणून पहिली ओरडले ती मीच.’’

‘‘असू दे,’’ ते म्हणाले. ‘‘गुरुवार होता.’’

‘‘आम्हाला वाटलं, तुम्ही पहिल्यांदाच खेळताय आमच्यात.’’

वाल्ट्राउड गेली. विचारायला पुष्कळ होतं. क्युपर्सबाईंना विचारता आलं असतं, टपरीवाल्याला विचारता आलं असतं, चौकातल्या कुणाच्या तरी फोनमध्ये चित्रही निघालं असतं, धूर, शाल, आणि बाजूला ते स्वतः कुणाचा तरी हात धरून. वही कोटाच्या खिशात होती, पेनही होतं. ओडेनटालांनी कोट दाराच्या खुंटीला नेऊन अडकवला. पहिल्यांदाच एखाद्या गोष्टीचं उत्तर त्यांना नको होतं, आणि ते नको असण्यात इतकी विश्रांती असते हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. ती जी कोण होती, तिनं धरला होता, सोडला नव्हता. पुरे.

‘‘हे काय?’’ टिल्ला म्हणाली.

‘‘काय?’’

‘‘तुझा टाय.’’

त्यांनी खाली पाहिलं. राखाडी टाय, चुरगळलेला पण अखंड. थेरड्यांच्या गुरुवारी गावातल्या एकाही पुरुषाचा टाय संध्याकाळपर्यंत धड राहत नाही; दिसेल त्याचा टाय बायका गाठीखालून कात्रीनं छाटतात, पोलिसाचासुद्धा. काल त्यांच्या अंगाशी इतक्या जणी झोंबल्या होत्या, पण कुणाला वेळ झाला नव्हता.

‘‘अध्यक्षांचा नवरा,’’ टिल्ला म्हणाली, ‘‘आणि शुक्रवारी सकाळी पूर्ण टाय. मी गावात तोंड कसं दाखवू?’’

‘‘टिल्ला, आराम कर.’’

‘‘नर्सबाई! ओ नर्सबाई! कात्री आहे का?’’

नर्स दारात आली. गावचीच होती, टाय पाहून तिनं एक शब्दही न विचारता खिशातून पट्ट्या कापायची बोथट कात्री काढून दिली. टिल्लानं ती उजव्या हातात घेतली. ओडेनटाल पलंगावर वाकले.

‘‘थांब, मी ताणून धरतो,’’ ते म्हणाले.

‘‘तू नाही धरायचास. कापणाऱ्यानं धरायचा असतो.’’

चादरीवरचा डावा हात तिथेच होता. तिनं त्याच्याकडे पाहिलं, जणू दुसऱ्या कुणाला हुकूम करतेय तसं. हात उचलला गेला, बोटभर, मग वीतभर. थरथरत टायपर्यंत आला. बोटं कापडाभोवती आली. 

बोटं मिटली.

कात्री बोथट होती, चार घाव लागले. तुकडा सुटला तेव्हा नर्सनं टाळी वाजवली.

‘‘छान! आता कात्री इकडे द्या, आणि ते चिंधूकही द्या, मी टाकते.’’

‘‘कात्री घे,’’ टिल्ला म्हणाली. डावी मूठ तिनं छातीशी नेली होती आणि राखाडी टोक मुठीतून बाहेर डोकावत होतं. ‘‘हे नाही देणार.’’

‘‘सोडा बाई.’’

‘‘नाही सोडत.’’

नर्सनं गंमत म्हणून टोक धरून जरा ओढलं. मग आणखी जरा. मूठ ढिली झाली नाही.